घटक ४ : 'फ्रेश' – एका इंग्रजी विशेषणाचे मराठीतील अर्थ आणि व्यवहार

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –

• परभाषेतून आलेल्या विशेषणाचे मराठीतील नेमके अर्थ सांगता येतील.
• विशेषणाचा अर्थ त्याच्या विरुद्धार्थी शब्दावरून आणि सोबतच्या नामावरून कसा ठरतो, हे स्पष्ट करता येईल.
• विकारी व अविकारी विशेषणांच्या नियमाच्या आधारे उसन्या विशेषणांचे वर्तन तपासता येईल.
• आपल्या परिसरातील बोलीच्या शब्दसंपत्तीचा भाषाभ्यासासाठी उपयोग करता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो,

तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषीय हे शब्दांचे वर्गीकरण आपल्या परिचयाचे आहे. शब्द कोठून आला, एवढे त्यावरून कळते. आल्यानंतर तो काय काम करतो, कोणत्या शब्दाशेजारी बसतो आणि कोणाची जागा घेतो, हे मात्र त्यावरून कळत नाही. या घटकात आपण हा दुसरा प्रश्न हाती घेणार आहोत. त्यासाठी एकच शब्द निवडला आहे : 'फ्रेश'.

हा शब्द आपण दिवसातून अनेकदा ऐकतो. 'जरा फ्रेश होऊन येतो', 'आज फ्रेश वाटतंय', 'फ्रेश मासळी मिळेल', 'फ्रेश अर्ज भरायचा की नूतनीकरणाचा?' या चारही वाक्यांत शब्द एकच आहे, पण अर्थ चार आहेत. या अर्थांची छाननी करण्यासाठी आपण रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीकडे, म्हणजे रेवस, अलिबाग, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन या पट्ट्याकडे पाहू. मासळी, नारळ, सुपारी, भात आणि खाडीचे पाणी यांवर जगणाऱ्या या प्रदेशात 'ताजेपणा' ही रोजच्या पोटापाण्याची बाब आहे. म्हणून तिच्यासाठी लागणारे शब्दही येथे भरपूर आहेत.

एका शब्दाच्या जागी अनेक शब्द

इंग्रजीतील 'फ्रेश' या विशेषणाचा व्याप मोठा आहे. मासा, पाणी, हवा, फूल, बातमी, जखम, आठवण, कागद अशा अनेक नामांना ते लागते. मराठीत मात्र नाम बदलले की विशेषणही बदलते. मासा ताजा किंवा फडफडीत, पाणी गोडे, हवा मोकळी, फूल टवटवीत, बातमी ताजी, जखम ओली, कागद कोरा आणि सुरुवात नवी. म्हणजे इंग्रजीने जेथे एक शब्द ठेवला, तेथे मराठीने सहा-सात शब्दांत काम वाटून दिले आहे.

अशी वाटणी प्रत्येक भाषा आपापल्या पद्धतीने करते. स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांच्या व्याख्यानांवर आधारित ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी दिलेले एक उदाहरण प्रसिद्ध आहे. फ्रेंचमध्ये 'मूताँ' हा एकच शब्द चरणाऱ्या मेंढीसाठीही चालतो आणि ताटातील मांसासाठीही. इंग्रजीत मात्र मेंढीला 'शीप' आणि तिच्या मांसाला 'मटण' असे दोन शब्द आहेत. त्यामुळे 'मूताँ' आणि 'शीप' यांचा निर्देश एका प्राण्याकडे असला, तरी त्यांचे भाषेतील मूल्य सारखे नाही. कारण 'शीप'च्या शेजारी 'मटण' उभे आहे. 'मूताँ'च्या शेजारी तसे कोणी नाही. शब्दाचे मूल्य शेजारच्या शब्दांमुळे ठरते, हा यातील मुख्य विचार आहे. 'फ्रेश' आणि 'ताजा' यांची तुलना करताना तो ध्यानात ठेवावा.

विरुद्धार्थी शब्दाची कसोटी

विशेषणाचा नेमका अर्थ शोधण्याचा एक सोपा मार्ग आहे. त्याचा विरुद्धार्थी शब्द कोणता, हे पाहावे. 'फ्रेश'च्या जागी येणाऱ्या मराठी विशेषणांच्या जोड्या मांडल्या तर पुढील चित्र दिसते.

ताजा × शिळा
ओला × सुका
गोडे (पाणी) × खारे
टवटवीत × कोमेजलेला
कोवळा × जून
नवा × जुना

यांपैकी पहिल्या तीन जोड्या आपण विस्ताराने पाहू.

(अ) ताजा आणि ओला

किनाऱ्यावरील मासळीच्या व्यवहारात 'ओली मासळी' आणि 'सुकी मासळी' असे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. ओले बोंबील आणि सुके बोंबील, ओला जवळा आणि सुका जवळा हे प्रयोग सर्वांच्या तोंडी आहेत. कोलंबी सोलून वाळवली की तिला 'सोडे' हे वेगळेच नाव मिळते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारीस बंदी असते. त्या दिवसांत ओली मासळी दुर्मीळ होते आणि उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली सुकी मासळी घराघरांत उपयोगी पडते.

आता विचार करावा. सुके बोंबील शिळे असतात का? नाही. ते वाळवलेले असतात. नीट वाळवून कोरड्या जागी ठेवले तर ते बरेच दिवस उत्तम राहतात. उलट ओली मासळी शिळी असू शकते. चार दिवस बर्फात राहिलेली सुरमई ओलीच असते, पण ताजी नसते. म्हणजे 'ओला–सुका' ही जोडी मासळीची अवस्था सांगते, तर 'ताजा–शिळा' ही जोडी तिला लोटलेला वेळ सांगते. मराठी बोलणारा गिऱ्हाईक 'ओले आहेत का?' आणि 'ताजे आहेत का?' असे दोन प्रश्न विचारू शकतो, आणि दोहोंची उत्तरे वेगवेगळी येऊ शकतात.

'फ्रेश बोंबील' असे म्हटले की या दोन प्रश्नांचा एकच प्रश्न होतो. बोलणाऱ्याला 'सुके नकोत' असे म्हणायचे आहे की 'कालचे नकोत' असे, ते शब्दावरून कळत नाही. विकणारीने 'हो, फ्रेश आहेत' म्हटले तर ते पहिल्या अर्थाने खरे आणि दुसऱ्या अर्थाने खोटे असू शकते. म्हणूनच जाणते गिऱ्हाईक बोर्डावरच्या 'फ्रेश' शब्दावर न थांबता 'आजचे की बर्फातले?' असे विचारते. येथे शब्दाच्या अचूकपणाचा संबंध थेट खिशाशी आणि आरोग्याशी आहे.

'ओला' या विशेषणाची व्याप्ती मासळीपुरती नाही. ओला नारळ, ओले खोबरे, ओली सुपारी, ओली हळद, ओले काजूगर या सर्व प्रयोगांत 'न वाळवलेले' हा अर्थ आहे. 'ओली बाळंतीण' म्हणजे नुकतीच प्रसूत झालेली स्त्री. 'ओला दुष्काळ' म्हणजे अतिवृष्टीने पिके गेल्यामुळे ओढवलेला दुष्काळ. या शेवटच्या दोन प्रयोगांत मूळ अर्थाचा विस्तार झाला आहे. यांपैकी 'बाळंतीण', 'हळद' किंवा 'दुष्काळ' या नामांना 'फ्रेश' जोडून पाहावे. ते जुळत नाही, हे कोणीही मराठी भाषक तत्काळ सांगेल.

(आ) गोडे आणि गोड

समुद्राकाठी पाण्याचे दोन प्रकार महत्त्वाचे : खारे आणि गोडे. मुरुडजवळचा जंजिरा किल्ला चहूबाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. तरीही त्याच्या आत गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. त्या पाण्यावाचून किल्ल्यात वस्ती टिकणे अशक्य होते. पेण-अलिबाग भागातील 'खारेपाट' या नावातच तेथील जमिनीचे वैशिष्ट्य आहे. बांध फुटून भरतीचे पाणी भातशेतीत शिरले की जमीन खारट होते आणि पुढील पिकावर त्याचा परिणाम होतो. तेथील शेतकऱ्याला 'खारे' आणि 'गोडे' हा भेद शिकवावा लागत नाही.

येथे एक व्याकरणिक सूक्ष्मता पाहण्याजोगी आहे. 'गोड पाणी' आणि 'गोडे पाणी' हे दोन प्रयोग सारखे नाहीत. 'गोड पाणी' म्हटले की चवीचा, प्रसंगी साखरेचाही, बोध होतो. 'गोडे पाणी' म्हणजे खारे नसलेले, पिण्याजोगे पाणी. 'गोड' हे अविकारी विशेषण आहे. 'गोडा–गोडी–गोडे' हे विकारी आहे. गोडे तेल, गोडा मसाला हे प्रयोगही याच दुसऱ्या विशेषणाचे. केवळ रूप बदलल्याने अर्थही बदलला आहे.

विशेष म्हणजे इंग्रजीतील 'फ्रेश' या शब्दाचा जुना अर्थ याच भेदाशी निगडित आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचे पूर्वरूप खारट नसलेल्या पाण्यासाठी वापरले जात असे, आणि आजही इंग्रजीत नदी-तळ्याच्या पाण्याला हेच विशेषण लागते. मराठीने मात्र हा अर्थ उचलला नाही. 'आमच्या विहिरीचे पाणी फ्रेश आहे' असे वाक्य ऐकले तर 'नुकतेच काढलेले' किंवा 'स्वच्छ' असा अर्थ निघेल. 'गोडे' असा निघणार नाही. यावरून एक सिद्धांत मिळतो : भाषा परकीय शब्द घेते, तेव्हा त्याचे सगळे अर्थ घेत नाही. जेवढे तिच्या उपयोगाचे, तेवढेच ती निवडते. शब्दाचा मूळ भाषेतील व्याप आदानात असा लहान होतो, तेव्हा त्यास अर्थसंकोच म्हणता येईल.

'फ्रेश होणे' : मराठीने दिलेला अर्थ

अर्थसंकोचासोबत काही वेळा अर्थाची नवी दिशाही उघडते. प्रवासाहून आलेल्या पाहुण्याला यजमान म्हणतात, 'आधी फ्रेश व्हा, मग चहा घेऊ.' येथे फ्रेश होणे म्हणजे हातपाय धुणे, तोंडावर पाणी मारणे, शौचालयास जाऊन येणे. इंग्रजीत यासाठी 'फ्रेशन अप' असे वेगळे क्रियापद आहे. मराठीने ते उचलले नाही. विशेषण घेतले आणि त्याला स्वतःचे 'होणे' जोडले. 'तयार होणे', 'मोकळे होणे', 'शांत होणे' या प्रयोगांचा साचा मराठीत आधीपासून होताच. त्या साच्यात 'फ्रेश' सहज बसले.

या प्रयोगाला लोकमान्यता का मिळाली, याचाही विचार करावा. शरीरधर्माचा स्पष्ट उल्लेख टाळून तो सौम्य शब्दांत सांगण्याची रीत सर्व समाजांत असते. तिला सौम्योक्ती म्हणतात. 'हातपाय धुऊन घ्या' हा प्रयोग स्वच्छ आणि प्रेमळ आहे, पण त्यात शौचालयाची सूचना नाही; ती वेगळ्याने द्यावी लागते. 'फ्रेश व्हा' म्हटले की दोन्ही गोष्टी एका शब्दात झाकल्या जातात. या ठिकाणी उसन्या शब्दाने एक खरी गरज भागवली आहे.

'फ्रेश वाटणे' या प्रयोगाची गोष्ट निराळी आहे. त्यासाठी मराठीत 'ताजेतवाने वाटणे', 'हुशारी वाटणे', 'तरतरी येणे' असे प्रयोग होते आणि आहेत. 'ताजातवाना' या जोडशब्दातील दोन्ही घटक फारसीतून आलेले : 'ताजा' म्हणजे नवा आणि 'तवाना' म्हणजे सशक्त. झोपेने, विश्रांतीने, खाल्ल्यामुळे अंगात आलेले बळ त्यात सूचित होते. 'तरतरी' बहुधा चहाने येते. 'फ्रेश वाटणे' या सर्वांच्या जागी सरसकट येते, पण त्यातील बळाचा किंवा कारणाचा सूक्ष्म संकेत त्यात उरत नाही.

'ताजा' हाही एकेकाळचा पाहुणाच

आतापर्यंत आपण 'ताजा' हा जणू घरचा आणि 'फ्रेश' हा परका, असे धरून चाललो. इतिहास पाहिला तर 'ताजा' हा शब्दही फारसीतूनच आलेला दिसतो. पत्राच्या शेवटी आपण 'ता. क.' लिहितो, तेथेही 'ताजा कलम' असा फारसी-अरबी शब्दांचाच संयोग आहे.

रायगडाचा या संदर्भात विशेष उल्लेख करावा लागेल. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्यानंतरच्या काळात महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध केला आणि राज्यकारभारातील फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. हा प्रयत्न प्रामुख्याने दरबार, सैन्य आणि कारभार यांच्या परिभाषेचा होता. स्वयंपाकघर आणि बाजार यांतील 'ताजा', 'गरम', 'नरम', 'खराब' अशी विशेषणे मराठीत तशीच नांदत राहिली. परिभाषा ठरवून बदलता येते; रोजच्या तोंडची विशेषणे तशी बदलत नाहीत, असे यावरून दिसते.

किनाऱ्यावर तर भाषासंपर्काची परंपरा दीर्घ आहे. चौल-रेवदंडा हे ठाणे १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. त्या संपर्काची साक्ष म्हणजे रेवदंड्याच्या खाडीपलीकडील कोर्लई गावात आजही बोलली जाणारी पोर्तुगीज-मिश्र बोली. मराठीनेही पोर्तुगीजमधून शब्द घेतले. बंदरावर मासळीचा 'लिलाव' होतो, तो शब्द पोर्तुगीज. 'पगार', 'बटाटा', 'घमेले' हेही त्याच मुळाचे. लिलाव पुकारणाऱ्या कोणालाही तो शब्द परका वाटत नाही. म्हणून 'फ्रेश' परकीय आहे, या एकाच कारणावरून त्याला दोष देता येणार नाही.

उसना शब्द घरचा झाला, हे कसे ओळखावे?

यासाठी तीन कसोट्या उपयोगी पडतात.

पहिली कसोटी : रूपांची. मराठीत सामान्यतः 'आ'कारान्त विशेषणे विकारी असतात. परभाषेतून आलेला 'ताजा' याच नियमाने चालतो : ताजा बांगडा, ताजी सुरमई, ताजे पापलेट, ताज्या मासळीचे कालवण. 'साधा' या फारसी शब्दाचेही तसेच. व्यंजनान्त उच्चार असलेली विशेषणे बदलत नाहीत : गोड, जड, गरम, खराब. 'फ्रेश' याच दुसऱ्या रांगेत बसले आहे. म्हणजे त्याच्या बाबतीत मराठीचा नियम मोडलेला नाही. मात्र 'ताजी द्या' म्हटले की गिऱ्हाईक स्त्रीलिंगी नामाबद्दल बोलते आहे हे कळते. 'फ्रेश द्या' यातून तो बोध होत नाही.

दुसरी कसोटी : साधित शब्दांची. 'ताजा'पासून ताजेपणा, ताज्यातला, ताजातवाना असे शब्द बनले. 'ताज्यातली द्या' हे वाक्य सहज आहे. 'फ्रेशातली द्या' असे कोणी म्हणत नाही, 'फ्रेशमधली' म्हणावे लागते. भाववाचक नामासाठीही बहुधा 'फ्रेशनेस' हा दुसरा इंग्रजी शब्दच आणावा लागतो. या कसोटीवर 'फ्रेश' अद्याप उंबरठ्यावर आहे.

तिसरी कसोटी : विरुद्धार्थाची. 'ताजा' हा शब्द 'शिळा' या मराठी शब्दाशी जोडी करून राहिला. त्या जोडीतून भाषेला समृद्धी आली : शिळी भाकरी, शिळी बातमी, शिळ्या कढीला ऊत. 'फ्रेश' मात्र एकटा आला आहे. 'फ्रेश मासळी'च्या उलट शिळी मासळी, 'फ्रेश चेहऱ्या'च्या उलट उतरलेला चेहरा, 'फ्रेश अर्जा'च्या उलट नूतनीकरणाचा अर्ज. प्रत्येक ठिकाणी त्याला मराठीतील निराळा विरुद्धार्थी शब्द शोधावा लागतो. यावरून असे दिसते की, 'फ्रेश' वापरतानाही अर्थाचा खरा भार मराठीची जुनी शब्दव्यवस्थाच वाहते आहे.

प्रतिष्ठेचा प्रश्न

एवढे असूनही 'फ्रेश' पसरतो, याचे एक कारण भाषेबाहेरचे आहे. इंग्रजी शब्दाला सामाजिक प्रतिष्ठा आहे. शहरातून आलेल्या पर्यटकाशी बोलताना विक्रेती 'फ्रेश आहे' म्हणते. शेजारणीशी बोलताना तीच 'ताजं म्हावरं' म्हणते. ही तिची भाषिक हुशारी आहे : कोणाशी कोणता शब्द वापरायचा, हे तिला नेमके ठाऊक आहे. अडचण येते ती तिच्या मुलांना 'फ्रेश' हा सुशिक्षितांचा आणि 'ओले', 'फडफडीत' हे अडाण्यांचे शब्द वाटू लागतात तेव्हा. मग शब्दासोबत त्यातील भेदही विस्मृतीत जातो. ओले आणि ताजे यांतील फरक सांगणारा शब्द गेला, तर तो फरक दर वेळी वाक्यभर समजावून सांगावा लागेल.

आपल्यापैकी अनेकजण शेती, मासेमारी, घरकाम किंवा नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. घरी ऐकलेले शब्द 'अशुद्ध' म्हणून उत्तरपत्रिकेबाहेर ठेवण्याची सवय काहींना असेल. या घटकाच्या दृष्टीने ते शब्द हीच आपली अभ्याससामग्री आहे. 'फ्रेश' जरूर वापरावा. पाहुण्याला 'फ्रेश व्हा' म्हणताना संकोचाचे कारण नाही. परंतु जेथे तो दोन अर्थ एकत्र कालवतो, तेथे नेमका मराठी शब्द निवडावा. हा विवेक म्हणजेच भाषाप्रभुत्व होय.

सारांश

'फ्रेश' हे विशेषण मराठीत आपल्या सर्व अर्थांसह आले नाही. पाणी, जखम, हळद यांच्याबाबत मराठीने स्वतःचे शब्द राखले. 'होणे'सोबत त्याला नवा, सौम्योक्तीचा अर्थ दिला. रूपदृष्ट्या ते अविकारी विशेषणांत सामावले, पण साधित शब्द आणि विरुद्धार्थ यांबाबत ते अद्याप पुरते रुळलेले नाही. उसन्या शब्दाचे मूल्यमापन त्याच्या मुळावरून न करता, तो कोणते अर्थभेद राखतो आणि कोणते पुसतो, यावरून करावे.

सरावासाठी प्रश्न

१. 'ओला–सुका' आणि 'ताजा–शिळा' या जोड्यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. 'गोड' आणि 'गोडा' या विशेषणांतील रूपभेद व अर्थभेद सांगा.
३. 'फ्रेश होणे' या प्रयोगात मराठीने कोणता बदल केला, ते लिहा.
४. उसना शब्द भाषेत रुळल्याच्या तीन कसोट्या 'ताजा' व 'फ्रेश' यांना लावून दाखवा.

उपक्रम

'टाइट', 'फ्री' किंवा 'नॉर्मल' यांपैकी एक विशेषण निवडा. आठवडाभर घरी, बाजारात आणि कामाच्या ठिकाणी ते ज्या वाक्यांत ऐकाल ती वाक्ये वहीत टिपून घ्या. प्रत्येक वाक्यासमोर त्या ठिकाणी योग्य ठरणारा मराठी शब्द आणि त्याचा विरुद्धार्थी शब्द लिहा. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला तोच आशय त्यांच्या शब्दांत सांगण्यास विनंती करा आणि आपल्या यादीशी ताडून पाहा. जेथे त्यांच्याकडे दोन शब्द असतील आणि आपल्याकडे एकच, त्या जागेवर खूण करा. आपल्या टिपणाची सुरुवात तेथून करावी.